कॅसेटमधली आई



आपल्यापैकी अनेकांच्या घरी, कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा खाटेखालच्या ट्रंकेत, एखादी काळी व्हिडिओ कॅसेट पडून असेल. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या जयंतीच्या मिरवणुकीची, कुणाच्या घरभरणीची. लावायला मशीन नाही म्हणून ती बघता येत नाही आणि आपल्या माणसांची आहे म्हणून ती टाकवतही नाही. आमच्याही घरी अशी एक होती. तिच्यापायी गेल्या वर्षी मला जे शिकायला मिळाले ते आपल्यापुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी पेशाने कारकून. बी. कॉम. झालो तो जमाखर्च आणि ताळेबंद शिकून. इलेक्ट्रॉनिक्सचा माझा अभ्यास नाही. तेव्हा हे सांगणे तज्ज्ञाचे नाही, ठेच लागलेल्या माणसाचे आहे.

आमचे गाव तळेघर, तालुका आंबेगाव. मंचर-घोडेगाव मागे टाकून भीमाशंकरकडे निघाले की डिंभे धरण लागते. हुतात्मा बाबू गेनू सागराचे पाणी संपता संपता रस्ता डोंगरात चढतो आणि मग आमचे गाव येते. पावसाळ्यात तिथे धुके घरात शिरते. भिंती पाझरतात, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेला पांढरी बुरशी चढते. ही बुरशी पुढे या गोष्टीत येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

१९९४ च्या मे महिन्यात माझ्या ताईचे लग्न झाले. बाबांनी कर्ज काढले होते, तरी मामांनी आग्रह धरला की व्हिडिओ शूटिंग झालेच पाहिजे. मंचरहून शूटिंगवाला आला. खांद्यावर भलामोठा कॅमेरा, मागे दिवा धरणारा पोरगा. दिव्याच्या उजेडात सगळ्यांचे डोळे दिपत होते. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि मंडपात काम कमी अन् कॅमेऱ्यापुढून ये-जा जास्त करत होतो. पुढे तीन तासांची कॅसेट मिळाली, पण गावात आमच्याकडे टीव्हीच नव्हता, मग व्हीसीआर कुठला? चेंबूरला मामांकडे दोन्ही होते, म्हणून कॅसेट मामांकडे राहिली. आई मुंबईला गेली की एकदा तरी ती लावायला सांगायची.

१९९८ साली आई गेली. तिचे फोटो दोन, तेही लग्नकार्यात घोळक्यात काढलेले. चालती-बोलती आई फक्त त्या कॅसेटमध्ये राहिली. मामांनी ती ताईला दिली. ताईने ती आईच्या लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आणि ती ट्रंक तळेघरच्या घरात राहिली. वीस-पंचवीस पावसाळे तिने तसेच काढले.

गेल्या वर्षी भाच्याचे लग्न ठरले. ताई म्हणाली, "माझ्या पोराच्या लग्नात त्याची आजी दिसली पाहिजे." ट्रंक उघडली. कॅसेटच्या काचेतून पाहिले तर आतल्या रिळावर पिठासारखा पांढरा थर!

तरीही मी ती शहरातल्या एका दुकानात दिली. आठ दिवसांनी पेनड्राईव्ह मिळाला. घरी लावून पाहिला तर पडद्यावर मुंग्याच मुंग्या. खालच्या बाजूला फाटल्यासारखी पट्टी, माणसे पाण्यात उभी असल्यासारखी हलत होती, आवाज गोधडीखालून आल्यासारखा. दुकानदार म्हणाला, "जुनी टेप आहे, यापेक्षा जास्त येणार नाही." मी मान डोलावली. आपल्याला त्यातले कळत नसले की समोरच्याचे शेवटचे वाक्य आपण खरे धरून चालतो.

भाचा हुशार. त्याने मोबाईलमधल्या एका ॲपमध्ये तो व्हिडिओ टाकला. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने जुने चित्र नवे करून मिळते म्हणे. आणि खरोखरच चित्र लख्ख झाले! मुंग्या गेल्या, चेहरे उजळले. आम्ही सगळे खूश. ताई मात्र पडद्याजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही कुणाची बाई?"

मग आमच्याही लक्षात आले. आईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. ते नव्हते. गालावरच्या सुरकुत्या नव्हत्या. दात एकसारखे झाले होते. ॲपला जिथे दिसले नाही तिथे त्याने अंदाजाने भरले होते. मी कारकून माणूस, मला ते माझ्या भाषेत कळले. जी रक्कम कधी जमाच झाली नाही ती शिल्लक दाखवणे म्हणजे खोटी नोंद. खतावणी कितीही सुंदर अक्षरात लिहिली तरी नोंद खोटी ती खोटीच.

पण मग खरी शिल्लक किती होती? टेपवर खरोखर काय उरले आहे, हे दुकानदाराने तरी कुठे तपासले होते?

एका कार्यकर्ता मित्राने मंचरकडचे एक जुने टीव्ही मेकॅनिक सांगितले. वय सत्तरीच्या पुढे. दुकान बंद केलेले, पण घरातल्या एका खोलीत पाच-सहा व्हीसीआर रचून ठेवलेले. मी कॅसेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मशीनमध्ये घातली नाही. आधी उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ही अशीच मशीनमध्ये घातली असेल तर त्या दुकानदाराने तुमची टेप पण घासली आणि स्वतःचे मशीन पण घाण केले."

पुढचे दोन महिने दर रविवारी मी काकांकडे जात राहिलो. ते काम करत, मी विचारत असे. जे समजले ते थोडक्यात सांगतो.

व्हीएचएस कॅसेट जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. आत अर्धा इंच रुंदीची टेप असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती अडीचशे मीटरच्या वर भरते. मशीनमध्ये एक चकचकीत ढोल असतो, त्याला ड्रम म्हणतात, व्यास ६२ मिलिमीटर. आपल्याकडच्या पद्धतीत तो मिनिटाला १५०० वेळा फिरतो. त्यावर समोरासमोर बसवलेली बारीक हेडे टेपवर तिरक्या रेघा वाचतात. एक रेघ म्हणजे अर्धे चित्र, असे सेकंदाला पन्नास. एका रेघेची रुंदी सुमारे ४९ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही बारीक. हेड त्या रेघेवर नेमके आले नाही, किंवा त्यावर बुरशीचा एक कण बसला, की पडद्यावर मुंग्या आल्याच.

"म्हणजे मुंग्या टेपवर नसतात?" मी विचारले.

"निम्म्याहून जास्त वेळा त्या वाटेवर असतात," काका म्हणाले. "टेप ते पडदा या वाटेवर."

त्यांनी पहिले काम वाटेचे नव्हे, टेपचेच केले. कॅसेट काही दिवस कोरड्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली. मग नाकाला फडके बांधून, पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली. रिळे एका मोडक्या मशीनवर हळूहळू फिरवत, मऊ कोरड्या कापडाने सगळी बुरशी पुसून काढली. एक अख्खा रविवार त्यात गेला. मग टेप नव्या कवचात बसवली.

नंतर मशीन. हेड साफ करायला त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याचा तुकडा घेतला. चामडे ड्रमला नुसते टेकवून धरायचे आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासले की हेड तुटलेच म्हणून समजा. कापसाची काडी तर नकोच, तिचे तंतू अडकतात. टेप ओढणारा रबरी रोलर कडक झाला होता, तो बदलला. पॉवर सप्लायमधले कंडेन्सर वर्षानुवर्षे गरम होऊन आतून सुकतात. त्यामुळे चित्रात आडवे पट्टे सरकतात. ते सगळे काढून नवे घातले.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मशीनची पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट काही वेळ साठून राहू शकतात. जुन्या पुष्कळ टीव्हींची तर आतली पत्राच विजेच्या लाईनला जोडलेली असे. एकेकाळी घरोघरी टीव्हीला मागून व्हिडिओची पिन बसवून घेण्याची हौस होती, कारण अँटेनाच्या वाटेने आणलेल्या चित्रापेक्षा थेट आणलेले चित्र स्वच्छ दिसायचे. तेव्हा योग्य ट्रान्सफॉर्मर न लावता पिन बसवली, तर हात लावणाऱ्याला झटका ठरलेला. तेव्हा ज्याला येत नाही त्याने झाकण उघडू नये. मीही दोन महिन्यांत एकदाही आत हात घातला नाही.

मग आली खरी कारागिरी. काका म्हणाले, "तुमची टेप त्या शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्याने लिहिली आहे. त्याच्या रेघा त्याच्या मशीनच्या कलाने पडल्या. आपले मशीन त्याच्या कलाने वळवायचे." ड्रमच्या दोन्ही बाजूंना टेपला वाट दाखवणारे छोटे रोलर असतात. ऑसिलोस्कोपवर हेडकडून येणारी लहर बघत त्यांनी ते रोलर केसभर-केसभर फिरवले. पडद्यावर खालची फाटकी पट्टी खाली-खाली सरकत नाहीशी झाली. आवाजाचे हेड वेगळे असते, टेपच्या काठावरचा आवाज ते वाचते. त्याचा छोटा स्क्रू किंचित फिरवला आणि गोधडीखालचा आवाज उघड्यावर आला.

शेवटी त्यांनी मशीनमध्ये एक नवीन वाट काढली. टेपवर चित्राचा उजेड-अंधार आणि चित्राचा रंग वेगवेगळे लिहिलेले असतात. मशीन ते वेगळेच वाचते. पण बाहेर एकाच तारेने द्यायचे म्हणून शेवटी दोन्ही एकत्र करते, आणि टीव्ही पुन्हा ते वेगळे करत बसतो. बाजारातून डाळ-तांदूळ वेगवेगळ्या पिशव्यांत आणायचे, दारात एकत्र ओतायचे आणि मग घरात बसून निवडायचे, असला प्रकार! निवडताना खडे राहतात. म्हणजे कडेने रंग सांडतो, चौकड्यांच्या सदऱ्यावर इंद्रधनुष्य नाचते. १९८७ साली आलेल्या एस-व्हीएचएस जातीच्या महाग मशीनला दोन्ही वेगळे बाहेर देणारी पिन होती. आपल्या साध्या मशीनला ती नसते. काकांनी आपल्याजवळचे असे मशीन निवडले ज्याच्या सर्किटमध्ये दोन्ही लहरी एकत्र होण्याआधी सापडतात. प्रत्येकीसाठी एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ७५ ओहमचा एक रेझिस्टर आणि एक कंडेन्सर लावून मागच्या बाजूला नवीन सॉकेट बसवले. सामान शंभर रुपयांच्या आतले, त्यामागचा अनुभव चाळीस वर्षांचा.

चित्र हलते ते टेप ताणल्यामुळे. प्रत्येक ओळ थोडी मागे-पुढे सुटते. त्यासाठी मधे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला. अशा काही रेकॉर्डरमध्ये ओळी सरळ लावणारे सर्किट असते. तिथून चित्र संगणकात गेले. व्हीसीआरवरचा "शार्प" कडे फिरवलेला कान काकांनी मधोमध आणला. मी म्हटले, "शार्प बरे ना?" ते म्हणाले, "शार्पने नवीन काही दिसत नाही. आहे त्याच्या कडेला पांढरी रेघ ओढली जाते."

त्यांनी आधीच सांगून ठेवले होते की आशा आवरती ठेवा. टीव्हीवर दिसणाऱ्या चित्राच्या ५७६ ओळी असल्या तरी व्हीएचएस आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांइतकाच तपशील धरते. आजच्या मोबाईलपुढे ते काहीच नाही. जे लिहिलेच गेले नाही ते कुठलेही सर्किट आणणार नाही.

आणि मग एका रविवारी पडद्यावर आमचे तळेघरचे अंगण आले. आई दारातून बाहेर येते, पदर डोक्यावर घेते, कॅमेरा जवळ येतो म्हणून तोंड फिरवते आणि हसते. हनुवटीवर तीन ठिपके. पुसट, पण तीन. मग ती कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणाला तरी हाक मारते, "बाळा, उन्हात उभा राहू नको रे!" तो बाळा म्हणजे मी. दुकानातल्या नकलेत हे वाक्य ऐकूच येत नव्हते. तीस वर्षांनी आई मला रागावली. काकांनी काही न बोलता टेप थांबवली आणि चहा करायला आत गेले.

वाचकहो, इथेच लेख संपवला असता तर बरे वाटले असते. पण कारकुनाला ताळेबंदात नुकसानही दाखवावे लागते.

कॅसेटच्या शेवटी ताईची पाठवणी आहे. आई ताईचा चेहरा दोन्ही हातांत घेते, आणि तेवढ्यात चित्र तुटून क्रिकेटची मॅच सुरू होते. ९ मार्च १९९६, बंगळूर, विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, भारत-पाकिस्तान. अजय जडेजा वकार युनूसला झोडपतो आहे. चार मिनिटांनी पुन्हा मंडप दिसतो, तेव्हा पाठवणी होऊन गेली आहे.

ती मॅच मी भरली होती. तेव्हा मी अकरावीला चेंबूरला मामांकडे राहत होतो. जोशात हाताला लागेल ती कॅसेट घातली आणि बटण दाबले. चार मिनिटांनी लक्षात आले, बंद केले, आणि कुणाला बोललो नाही. घरच्यांना वाटत राहिले की कॅसेटच खराब आहे.

मी काकांना विचारले, "खाली जुने काही उरले असेल का?" त्यांनी मान हलवली. रेकॉर्डिंग करताना मशीन आधी एका वेगळ्या हेडने टेपची पूर्ण रुंदी पुसते, मग लिहिते. बुरशीखालचे निघते, पुसलेले निघत नाही. भाचा म्हणाला, "मामा, ॲपने ती चार मिनिटे बनवून देतो, फोटोवरून." त्याचे मन चांगले होते, पण मी नको म्हटले. जे गेले ते गेले असे दिसू दे.

लग्नाच्या आदल्या रात्री तळेघरच्या अंगणात भिंतीवर चादर बांधून आम्ही ते सगळे पाहिले. वाडीतली म्हातारी माणसे आली होती. आता हयात नसलेले कितीतरी जण त्या चादरीवर पंगतीला बसले होते. बायका नावे घेऊन घेऊन ओळखत होत्या. मॅच सुरू झाली तशी पोरे हसली. तेव्हा मी उठून सगळ्यांसमोर सांगितले की हे माझ्या हातून झाले आहे. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग भाच्याला म्हणाली, "परत लाव. पहिल्यापासून."

सांगायचे तात्पर्य असे. आपल्या माणसांच्या आठवणी मोठ्या ग्रंथालयांत नाहीत, त्या अशाच ट्रंकांत आहेत. व्हीसीआर बनवणारी फुनाई ही शेवटची जपानी कंपनी २०१६ साली ते काम थांबवून बसली. जगभरच्या टेपा वाजवायला मशीनच उरणार नाहीत, असा इशारा युनेस्कोच्या पुढाकाराने २०१९ साली देण्यात आला. काकांसारखी माणसे तर त्याहून कमी उरली आहेत. परदेशात काही हौशी मंडळी आता हेडकडून येणारी कच्ची लहरच थेट संगणकात घेऊन तिचे चित्र करतात. तेही चांगले आहे, पण त्यालाही टेप जिवंत लागते आणि ड्रम फिरता लागतो.

म्हणून विनंती. या आठवड्यात ट्रंक उघडा. कॅसेटच्या पाठीमागची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडून टाका, म्हणजे माझ्यासारखा कुणी त्यावर मॅच भरणार नाही. पांढरा थर दिसला तर कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. कोरड्या जागी, पुस्तकासारखी उभी ठेवा. जुना, जाणता मेकॅनिक शोधा. एकाने "यापेक्षा येणार नाही" म्हटले तर दुसऱ्याला दाखवा. चित्र संगणकात आले की त्याची एक प्रत जशीच्या तशी, काहीही न सजवता ठेवा. सजवायची ती दुसरी.

आणि प्रती तीन करा, तीन घरांत ठेवा. आमच्याच आंबेगाव तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेले. दीडशेवर माणसे गेली. मागे राहिलेल्या कितीजणांकडे आपल्या माणसाचा एक फोटोही उरला नसेल. एका घरातली ट्रंक ही जपणुकीची जागा नव्हे.

आमच्या तीन प्रतींपैकी एक ताईकडे आहे, एक भाच्याकडे, एक माझ्याकडे. तिन्हींत ती चार मिनिटांची मॅच आहे.

जयभीम.